इंग्रजीतले 'क्लॉक' आणि त्याचे सोबती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकणारे विद्यार्थी, अनुवाद करणारे मित्र आणि परदेशी कंपन्यांशी रोज बोलणारे वाचक घड्याळाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना वाक्प्रचारांची धास्ती वाटते, पण वाक्प्रचार शब्दकोशात सापडतो. खरी अडचण साध्या क्रियापदांपाशी येते. मराठीत 'लावणे' आणि 'वाजणे' ही दोन क्रियापदे घड्याळाचा जवळजवळ सगळा संसार सांभाळतात, तर इंग्रजीने तेच काम डझनभर क्रियापदांना वाटून दिले आहे. म्हणून आरंभीचे प्रश्न सोपे वाटले तरी ते वगळू नयेत.

१. घड्याळाला 'क्लॉक' केव्हा म्हणायचे आणि 'वॉच' केव्हा?

जे अंगावर वागवले जाते ते 'वॉच', मग ते मनगटावरचे असो वा खिशातले. जे भिंतीवर, टेबलावर किंवा मनोऱ्यावर असते ते 'क्लॉक'. मराठीत दोन्ही 'घड्याळ'च असल्यामुळे 'माय क्लॉक इज नॉट वर्किंग' असे मनगट दाखवून म्हटले जाते, आणि ऐकणारा भिंतीकडे पाहतो.

'क्लॉक' हा शब्द मुळात घंटेचा आहे. लॅटिन 'क्लोका' म्हणजे घंटा, आणि युरोपातली जुनी मनोऱ्यावरची घड्याळे वेळ दाखवण्यापेक्षा ती ऐकवण्यासाठी होती. लंडनचे 'बिग बेन' हेदेखील खरे तर मोठ्या घंटेचे नाव आहे. तिच्या मनोऱ्याला २०१२ पासून 'एलिझाबेथ टॉवर' म्हणतात. आपला शब्द घंटेकडून नव्हे, पाण्याकडून आला. बुडाला बारीक छिद्र असलेली घटी पाण्यावर तरंगत ठेवायची, ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. 'घटका भरली' हा आपला वाक्प्रचार तिथलाच आहे आणि 'घड्याळ' हा शब्दही त्याच कुळातला. घड्याळाच्या ज्या अवयवांना आपण काटे म्हणतो त्यांना इंग्रजीत 'हँड्स', म्हणजे हात म्हणतात, आणि आपली तबकडी त्यांच्याकडे 'फेस', म्हणजे चेहरा होते. हा चेहरा लक्षात ठेवावा, प्रश्न १६ मध्ये तो पुन्हा लागेल.

२. 'ओक्लॉक' प्रत्येक वेळेला लावता येते का?

नाही. 'ओक्लॉक' हे 'ऑफ द क्लॉक' याचे आखूड रूप असून ते केवळ पूर्ण तासाला लागते. 'सेव्हन ओक्लॉक' बरोबर, पण 'सेव्हन थर्टी ओक्लॉक' चूक. त्याच्या जोडीला 'एएम' किंवा 'पीएम'ही सहसा येत नाही. 'सेव्हन ओक्लॉक इन द मॉर्निंग' असे म्हणावे, नाहीतर नुसते 'सेव्हन एएम'. 'ठीक दहा वाजता' याचे 'ॲट शार्प टेन' हे भाषांतर आपल्याकडच्या निमंत्रणपत्रिकांत सर्रास दिसते. 'शार्प' हा शब्द वेळेच्या मागे यावा लागतो: 'ॲट टेन ओक्लॉक शार्प'.

३. 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसहा की साडेसात?

ब्रिटिश माणसाच्या तोंडी 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसात. 'हाफ पास्ट सेव्हन' मधला 'पास्ट' बोलताना गळून पडतो. मराठी माणसाला हे सोपे जावे, कारण 'साडेसात' मध्येही आपण होऊन गेलेल्या सातावर अर्धा चढवतो. गोंधळ होतो तो जर्मन शिकणाऱ्यांचा. जर्मनमध्ये 'हाल्ब झीबेन' म्हणजे साडेसहा, कारण तिथे येणाऱ्या सातापैकी अर्धा तास भरला असे मोजतात. पुण्यात जर्मन शिकणारे पुष्कळ असल्यामुळे हा प्रश्न तिथून हमखास येतो.

'सव्वा'ला 'क्वार्टर पास्ट' आणि 'पावणे'ला 'क्वार्टर टू'. अमेरिकेत 'क्वार्टर आफ्टर सेव्हन' म्हणजे सव्वासात, आणि 'क्वार्टर ऑफ एट' म्हणजे पावणेआठ. हे दुसरे रूप कानाला फसवे आहे. 'ऑफ' ऐकून 'आठाचा पाव' असा अर्थ लावू नये. दीड आणि अडीच यांना मात्र इंग्रजीत स्वतंत्र शब्द नाहीत. 'हाफ पास्ट वन', 'हाफ पास्ट टू' यांवर समाधान मानावे लागते.

४. 'माझे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे' हे इंग्रजीत कसे म्हणायचे?

'माय वॉच इज फाइव्ह मिनिट्स फास्ट.' मागे असेल तर 'स्लो'. येथे 'फॉरवर्ड' चालत नाही. 'अहेड' चुकीचे नसले तरी ते दोन ठिकाणांच्या वेळांसाठी अधिक शोभते: भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास 'अहेड' आहे. एकेकाळी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही शहराने ती बरीच वर्षे सोडली नाही. त्या काळचा प्रवासी 'बॉम्बे टाइम इज थर्टी-नाइन मिनिट्स बिहाइंड' असे म्हणे तेव्हा ते बरोबर होते, कारण घड्याळ बिघडलेले नव्हते, वेळच निराळी होती. घड्याळ बिघडले असते तर 'स्लो' म्हणावे लागले असते.

याहून बारीक भेद पुढे आहे. 'फास्ट' आणि 'स्लो' ही घड्याळाची या क्षणाची स्थिती झाली. घड्याळ रोज किती पुढे पळते किंवा मागे पडते हे सांगायचे असेल तर 'गेन' आणि 'लूज' ही क्रियापदे लागतात. समजा घड्याळ रोज दोन मिनिटे 'गेन' करते आणि सोमवारी सकाळी ते बरोबर लावले. तर शुक्रवारी सकाळी ते आठ मिनिटे 'फास्ट' असेल. उलट एखाद्याने मुद्दाम दहा मिनिटे पुढे लावलेले घड्याळ सदैव दहा मिनिटे 'फास्ट' राहील, पण ते एक मिनिटही 'गेन' करत नाही. हा भेद सांभाळणारा विद्यार्थी मला वाक्प्रचारांची यादी पाठ करणाऱ्यापेक्षा पुढचा वाटतो.

५. घड्याळ 'वाजणे' याला नेमके कोणते क्रियापद?

काय वाजते आणि कसे वाजते यावर ते ठरते. तासाचे टोले पडतात तेव्हा 'द क्लॉक स्ट्राइक्स'. पाव तासाला छोटी सुरावट वाजते तेव्हा 'चाइम्स'. सेकंदाची टिकटिक म्हणजे 'टिक्स'. गजर वाजतो तेव्हा 'गोज ऑफ', ज्याविषयी प्रश्न ६ आहे. 'रिंग' हे घंटेचे आणि टेलिफोनचे क्रियापद. घड्याळाच्या टोल्यांसाठी ते वापरू नये. 'किती वाजले?' या प्रश्नात मात्र प्रत्यक्षात काहीच वाजत नाही, म्हणून तिथे 'व्हॉट टाइम इज इट?' एवढेच. 'बारा वाजून गेले' याला ब्रिटिश बोलीत 'इट्स गॉन ट्वेल्व्ह' असा सुटसुटीत प्रयोग आहे.

'स्ट्राइक'चे भूतकाळी रूप 'स्ट्रक' आणि नाम 'स्ट्रोक', म्हणजे टोला. 'ऑन द स्ट्रोक ऑफ टेन' म्हणजे दहाच्या टोल्याला. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेत पंडित नेहरूंनी उच्चारलेले 'ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट अवर' हे शब्द याच 'स्ट्रोक'चे आहेत. ते 'मध्यरात्रीच्या प्रहरी' असे मराठीत आणलेले मी वाचले आहे. प्रहर म्हणजे तीन तासांचा काळ; 'मध्यरात्रीच्या ठोक्याला' हेच सरळ भाषांतर होय.

आमच्या ओटीवर लंबकाचे घड्याळ होते. तबकडीत किल्लीची दोन भोके, एक चालण्याचे आणि एक टोल्यांचे. तासाला त्या त्या आकड्याइतके टोले पडत आणि प्रत्येक अर्ध्या तासाला एकच टोला पडे. रात्री जाग येऊन एक टोला ऐकू आला तर साडेबारा झाले, एक वाजला की दीड, हे कळत नसे, कारण ओळीने तिन्ही वेळा एकच टोला. 'द क्लॉक स्ट्रक वन' या इंग्रजी वाक्यात हा संशय तसाच राहतो. 'द क्लॉक स्ट्रक द हाफ-आवर' म्हटले तर निदान एक वाजल्याची शक्यता मिटते.

६. 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर बंद झाला ना?

नाही, गजर वाजला. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले, म्हणून गजरही गेला असे वाटणे स्वाभाविक आहे. पण गजर, भोंगा, फटाका, बंदूक यांच्या बाबतीत 'गो ऑफ' म्हणजे एकदम वाजणे किंवा उडणे. गजर आपण बंद केला तर 'आय टर्न्ड इट ऑफ'. वाजूनही जाग आली नाही तर 'आय स्लेप्ट थ्रू द अलार्म'. वाजलाच नाही तर 'इट डिडन्ट गो ऑफ', आणि कार्यालयात उशिरा पोहोचणाऱ्याला हेच वाक्य सर्वांत आधी शिकायचे असते, असा माझा अनुभव आहे.

७. घड्याळ 'लावणे' याला 'पुट' की 'सेट'?

गजर आणि वेळ दोन्हींसाठी 'सेट'. 'आय सेट द अलार्म फॉर फाइव्ह'. येथे 'ॲट' नव्हे, 'फॉर' अधिक रूढ. रेडिओवरच्या वेळेशी घड्याळ जुळवले तर 'आय सेट माय वॉच बाय द रेडिओ'. भिंतीवर घड्याळ लावले तर 'हंग', आणि मनगटावर चढवले तर 'पुट ऑन'. एका 'लावणे'ची ही अशी वाटणी आहे.

किल्ली देणे म्हणजे 'वाइंड'. वारा या अर्थाच्या 'विंड'सारखाच तो लिहितात, पण उच्चार 'वाइंड', आणि भूतकाळ 'वाउंड'. जखमेच्या 'वूंड'चे स्पेलिंगही तेच. 'आय वाउंड द क्लॉक' मोठ्याने वाचताना घड्याळाला जखम होणार नाही याची काळजी घ्यावी. किल्ली संपून घड्याळ थांबले तर 'द क्लॉक हॅज रन डाउन'.

८. लंडनची बहीण म्हणते, 'क्लॉक्स गो बॅक धिस संडे'. म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे करतात. उन्हाळ्यातला उजेड संध्याकाळी अधिक वेळ मिळावा म्हणून १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, तिथे ही पद्धत सुरू झाली. 'गो बॅक' म्हणजे काटे एक तास मागे जाणार आणि त्या रात्री एक तास झोप जास्त मिळणार. आपल्या दृष्टीने लंडनशी अंतर उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास असते. अमेरिकेत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घडते. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिकेची घड्याळे बदललेली आणि ब्रिटनची न बदललेली, अशी अवस्था असते आणि तिन्ही देशांची बैठक हमखास चुकते.

लक्षात ठेवायला अमेरिकी लोक 'स्प्रिंग फॉरवर्ड, फॉल बॅक' म्हणतात. 'स्प्रिंग' म्हणजे वसंत आणि उडी, 'फॉल' म्हणजे शरद आणि पडणे, अशी ती कोटी आहे. ब्रिटिश माणूस शरदाला 'ऑटम' म्हणतो, त्यामुळे त्याला ती उसनी घ्यावी लागते.

९. 'पुट द क्लॉक बॅक' आणि 'पुट द मीटिंग बॅक' या दोन्हींत 'बॅक'चा अर्थ एकच का नाही?

सर्वांत जास्त घोटाळा करणारा प्रश्न हाच आहे. 'पुट द क्लॉक बॅक' म्हणजे काटे मागे करून अलीकडची वेळ दाखवणे: दहाचे नऊ होतात. 'पुट द मीटिंग बॅक अॅन आवर' म्हणजे बैठक लांबवणे: दहाची बैठक अकराला होते. घड्याळात 'बॅक' म्हणजे गेलेल्या काळाकडे. वेळापत्रकात 'बॅक' म्हणजे आपल्यापासून दूर, रांगेत मागे ढकलल्यासारखे. अमेरिकेत याच अर्थी 'पुश बॅक' म्हणतात. बैठक अलीकडे घ्यायची असेल तर 'ब्रिंग फॉरवर्ड'. 'मूव्ह फॉरवर्ड' म्हणू नये, कारण ते ऐकून निम्मे लोक तासभर आधी येतात आणि निम्मे तासभर उशिरा. भारतीय इंग्रजीने 'पोस्टपोन'ला जोड म्हणून 'प्रीपोन' घडवला. त्याला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, पण मला तो या सगळ्यांत सर्वांत नि:संदिग्ध वाटतो. केवळ परदेशी माणसाशी बोलताना तो टाळावा.

लाक्षणिक अर्थाने 'टर्न बॅक द क्लॉक' म्हणजे गेलेला काळ परत आणणे, आणि तो बहुधा नकारात येतो: 'यू कान्ट टर्न बॅक द क्लॉक'. एखादी सुधारणा उलटवली तर टीका म्हणूनही हा प्रयोग होतो. मराठी वृत्तपत्रांतले 'घड्याळाचे काटे उलटे फिरवणे' हे त्याचेच भाषांतर असले तरी आता ते इतके रुळले आहे की ते परके वाटत नाही.

१०. 'राउंड द क्लॉक', 'अगेन्स्ट द क्लॉक' आणि 'लाइक क्लॉकवर्क' यांत फरक काय?

'राउंड द क्लॉक' म्हणजे अहोरात्र. काट्यांनी तबकडीभोवती पूर्ण फेरे घालावेत तसे, खंड न पडता. अमेरिकेत 'अराउंड द क्लॉक'. नामाआधी विशेषण म्हणून आले की मध्ये जोडरेघा येतात: 'राउंड-द-क्लॉक सर्व्हिस'. रात्री दहाला बंद होणाऱ्या दुकानावर ही पाटी लावू नये. 'दिवसभर' असा त्याचा अर्थ नाही.

'अगेन्स्ट द क्लॉक' म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या आत काम उरकण्याची धडपड. 'वर्क' आणि 'रेस' ही त्याची नेहमीची क्रियापदे. मुदतीच्या आत काम झाले तर 'वी बीट द क्लॉक'. मराठीत 'घड्याळाशी शर्यत' असे लिहिलेले दिसते, पण 'घाईघाईने काम उरकणे' हाताशी असताना त्याची गरज पडू नये. आघाडीवर असलेला संघ उरलेला वेळ मुद्दाम दवडतो त्याला 'रनिंग डाउन द क्लॉक' म्हणतात. कबड्डीच्या समालोचनातला 'वेळकाढूपणा' तो हाच. प्रश्न ७ मधील 'रन डाउन' घड्याळाची किल्ली संपण्याचे होते, हे वेगळे.

'लाइक क्लॉकवर्क' म्हणजे बिनचूक, सुरळीत. येथे 'क्लॉकवर्क' म्हणजे घड्याळातली चक्रे आणि कमान. आपल्याकडे एखादा माणूस 'घड्याळाच्या काट्यावर चालतो', म्हणजे वेळेचा पक्का असतो. 'लाइक क्लॉकवर्क' त्याहून रुंद आहे: वक्तशीर नसलेला लग्नसमारंभसुद्धा अडथळ्याविना पार पडला तर 'एव्हरीथिंग वेंट लाइक क्लॉकवर्क' म्हणता येते.

११. बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असते, या म्हणीला मराठी प्रतिशब्द कोणता?

'ईव्हन अ स्टॉप्ड क्लॉक इज राइट ट्वाइस अ डे' ही म्हण नेहमी चुकणाऱ्या माणसाला उद्देशून आहे: एखादे वेळी त्याचे खरे ठरले तर त्यात त्याचे श्रेय नाही. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' ही आपली म्हण जवळची आहे, पण तिच्यात योगायोग आहे, टोमणा नाही. कावळ्याला कोणी मूर्ख ठरवत नाही. टोमणा हवा असेल तर इंग्रजी म्हणच सरळ मराठीत सांगावी, कोणालाही कळते. २४ तासांच्या आकडेरी घड्याळाला मात्र ती लागू पडत नाही. ते एखाद्या वेळेवर अडकले तर एकदाच बरोबर ठरते.

१२. क्रिकेटच्या समालोचनात 'ही क्लॉक्ड वन फिफ्टी' म्हणतात. 'क्लॉक' क्रियापद कसे?

येथे 'क्लॉक' म्हणजे मोजयंत्रावर वेग किंवा वेळ नोंदवणे: गोलंदाजाचा चेंडू ताशी १५० किलोमीटर भरला. धावपटूची वेळही 'क्लॉक' होते. 'क्लॉक अप' म्हणजे साठत जाणे: गाडीने एक लाख किलोमीटर 'क्लॉक अप' केले. ब्रिटनमध्ये जुन्या गाडीचा मीटर मागे फिरवून विकण्याच्या लबाडीलाही 'क्लॉकिंग' म्हणतात, आणि बोलीत 'आय क्लॉक्ड हिम' म्हणजे तो माझ्या नजरेस पडला. संदर्भ पाहूनच अर्थ लावावा.

क्रिकेटमध्ये 'स्टॉप क्लॉक'ही आले आहे. डिसेंबर २०२३ पासून पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय मर्यादित षटकांच्या सामन्यांत ते आधी प्रयोग म्हणून आले: एक षटक संपल्यावर ६० सेकंदांच्या आत पुढचे सुरू व्हायला हवे. त्याच्या महिनाभर आधी, ६ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिल्लीत श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज 'टाइम्ड आउट', म्हणजे ठरलेल्या वेळेत खेळायला तयार न झाल्यामुळे बाद, झाला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला असा तो पहिलाच बाद फलंदाज. 'टाइम्ड आउट' हा फलंदाजाचा नियम आणि 'स्टॉप क्लॉक' हा क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा, एवढे वेगळे ठेवावे.

१३. 'क्लॉक इन' आणि 'क्लॉक-वॉचर' हे दोन्ही वक्तशीर माणसाचे शब्द आहेत का?

'क्लॉक इन' म्हणजे कामावर आल्याची नोंद यंत्रावर करणे. जाताना 'क्लॉक आउट'. ब्रिटनमध्ये 'क्लॉक ऑन' आणि 'क्लॉक ऑफ'. आपण 'कार्ड पंच केले' म्हणतो ते हेच. गिरणगावात कामाची वेळ भोंगा सांगत असे. 'ऑफ द क्लॉक' म्हणजे कामाच्या नोंदलेल्या वेळेबाहेर. 'क्लॉक-वॉचर' मात्र स्तुती नव्हे: सुटायची वेळ कधी होते याकडे डोळे लावून बसलेला माणूस. अर्जात 'आय अॅम अ क्लॉक-वॉचर' असे अभिमानाने लिहिलेले मी एकदा वाचले आहे.

१४. 'योजनेचे बारा वाजले' याचे शब्दश: इंग्रजी चालेल का?

चालणार नाही. इंग्रजीत बारा वाजले म्हणजे फक्त बारा वाजले. 'द प्लॅन इज रुइन्ड' किंवा 'इट्स अ कम्प्लीट मेस' म्हणावे.

१५. 'इलेव्हन्थ आवर' म्हणजे रात्रीचे अकरा का?

नाही. हा प्रयोग बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातला आहे, जिथे द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळायला आल्यावरही मजूर लावतो. त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचे बारा भाग मानत, त्यामुळे अकरावा तास म्हणजे साधारण संध्याकाळचे पाच. अर्थ 'अगदी शेवटच्या क्षणी', मराठीत 'ऐन वेळी'. 'आयत्या वेळी' मध्ये तयारी नसल्याची छटा येते, ती इंग्रजीत नाही.

१६. 'क्लीन समवन्स क्लॉक' म्हणजे कोणाचे घड्याळ पुसून देणे?

अमेरिकी बोलीत याचा अर्थ एखाद्याला बदडून काढणे किंवा सामन्यात धूळ चारणे. प्रश्न १ मध्ये तबकडीला 'फेस' म्हणतात हे आले आहे. येथे उलट माणसाच्या चेहऱ्यालाच 'क्लॉक' म्हटले आहे. औपचारिक लेखनात हा प्रयोग करू नये, आणि घड्याळदुरुस्तीच्या दुकानात तर मुळीच नको. तिथे घड्याळाची सफाई आणि तेलपाणी करून घ्यायचे असेल तर 'आय वॉन्ट माय वॉच सर्व्हिस्ड' म्हणावे.